डब्बी वाजली की मामी चिडती

नमस्कार मंडळी, ऐकायलात ना? मागच्या दिवाळीत मी परभणीला मामीसाठी गोळ्यांची डब्बी नेली, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे, टाइम झाला की लाइट लागतो अन् टीं टीं वाजती. मामीला शुगर बी आहे अन् बीपी बी. आठ दिवसांनी गेलो तर डब्बी ज्वारीच्या कोठीत, वरून गोधडी! म्हणली, "बाया भजनाला बसल्या की तुझं ते भोंगं सुरू होतंय, समद्या माझ्याकडंच बघतेत. मला काय कळत नाही का गोळी कधी घ्यायची?" पाकिटात चार दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या, ते सोडा.

आता यात अडाणीपणा म्हणाल तर तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्येच सांगितलंय, श्रीमंत देशात सुद्धा जुनाट आजाराचे निम्मेच पेशंट औषध नीट घेतात.

टीबीच्या सरकारी प्रोग्राममध्ये तर हे सगळं करून बघितलंय. ९९ डॉट्स म्हणून होतं, गोळी काढली की पाकिटामागं लपलेला नंबर दिसायचा, त्यावर फुकटात मिस्ड कॉल मारायचा. मग वाजणारे डबे आले, झाकण उघडलं की नोंद व्हायची. पण झाकण उघडलं म्हणजे गोळी पोटात गेली असं थोडीच आहे, अन् कॉल तर गोळी न घेता बी मारता येतो.

अन् आपल्या बीडकडची ऊसतोड कामगार बाई घ्या. साध्या टीबीला सुद्धा निदान ६ महिने रोज गोळ्या, अन् दिवाळीच्या आगंमागं टोळी निघाली कारखान्याला. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, लाइट नाही, फोन एकच, तो बी नवऱ्याच्या खिशात, अन् डबा वाजला की शेजारच्या कोपीला कळणार हिला टीबी आहे म्हणून. मग ती बाई डबा गावाकडंच ठेवणार अन् गोळ्या पदराला बांधून नेणार, मी असतो तर मी बी तेच केलं असतं. काहींना उलट बरं बी वाटतं, कुणीतरी आपली चौकशी करतंय म्हणून, पण ते कधी, तर गोळी चुकल्यावर दवाखान्यातून फोन करणारी ताई आधी तब्येत विचारती तेव्हा. "का घेतली नाही" असं दरडावलं की झालं, फोन बंद.

मामीच्या डब्बीचा आवाज मी बंद केला, नुसता लाइट ठेवला अन् ती चहा-साखरेच्या डब्याशेजारी मांडली. सकाळची अन् रात्रीची गोळी आता घेती. दुपारची अजून चुकतीच, दुपारी ती शेजारणीकडं असती अन् डब्बी घरी.