पायावरचा वळ

(कोल्हापुरात ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी डॉक्टर नव्हे. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्याआधी पोरवयात तालमीत माती अंगाला लावली. दोन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. ऑपरेशनचं फारसं सांगणार नाही, कारण त्या वेळी मी झोपलो होतो. पायातली शीर काढून हृदयाला जोडायची ही रीत १९६७ पासून अमेरिकेत क्लीव्हलँडला रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननी रुळवली, एवढं वाचून गेलो होतो. छातीतलं हाड मधोमध कापतात आणि नंतर पोलादी तारांनी बांधतात. त्या तारा माझ्यात अजून आहेत.

ते हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर दोन-अडीच किलोच्या वर उचलायचं नाही, हातावर भार देऊन उठायचं नाही. इथंच माझी पंचाईत झाली. जोर मारण्यात हयात गेलेला माणूस! पलंगावरून उठताना हात आपसूक मागं टेकायचे आणि नर्सबाई ओरडायच्या, "आजोबा, हात!" मग कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि त्या वजनावर उठून बसायचं हे शिकलो. खोकला आला की उशी छातीशी घट्ट कवटाळायची. तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र असतं ना, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या, त्यात पहिल्या दिवशी माझी एकच गोळी कशीबशी हलली. सपाट्या हजार मारायचो एके काळी.

तिसऱ्या दिवशी नाडी एकशे चाळीसवर गेली. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, ठोक्यांचा ताल सुटतो. मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, बायपासनंतर तीन-चार जणांत एकाला हे होतं, बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांतच. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी व्हायची भीती असते, म्हणून ते लक्ष ठेवतात. सलाईनमधून औषध दिलं, दुसऱ्या दिवशी ताल जागेवर आला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. म्हणून तुम्हाला सांगतोय.

खरी गंमत घरी आल्यावर. घरच्यांना वाटतं, सुटलो. पाहुणे नारळ घेऊन येतात, प्रत्येकाकडं एक औषध असतं. तिसऱ्या आठवड्यात मला आडवं झालं की दम लागायला लागला. आधी दोन उशा घेतल्या, मग तीन, मग रात्री खुर्चीतच बसून राहिलो. बायकोला सांगितलं, कुस्त्या बघतोय मोबाईलवर. तालमीत हेच शिकवलेलं, दुखलं तर दाखवायचं नाही. आखाड्यात ते बरोबर असेल, पण दोन रात्री मी निव्वळ मूर्खपणा केला.

पकडलं सूनबाईनं. सकाळी अंगणात पाच मिनिटं फिरून आलो, चप्पल काढली. आपली कोल्हापुरी, दहा वर्षं पायात मुरलेली. पट्ट्याखाली पायावर खोल वळ उमटला होता. शीर काढलेला डावा पाय सुजतो हे ठाऊक होतं; पण वळ उजव्या पायावरही होता. ती म्हणाली, "आण्णा, काट्यावर उभं राहा." तीन दिवसांत दोन किलो जास्त. तालमीत असतो तर वस्तादांनी पाठ थोपटली असती! हे मात्र अंगात साचलेलं पाणी. तिनं लगेच फोन लावला. डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी झालं होतं. पाठीतून सुई घालून पाऊण लिटर काढलं, लघवीची गोळी सुरू झाली, आणि त्या रात्री मी एका उशीवर झोपलो.

तेव्हापासून रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी, वजन वहीत. जखमेतून पू किंवा पाणी, थंडी वाजून ताप, छातीच्या हाडात कट्कट् वाजणं, यातलं काहीही झालं तरी वाट बघत बसू नका.

आणखी एक, बायका हसतील. मी रडायचो. नातीनं पाण्याचा तांब्या आणून दिला तरी डोळे भरायचे. हेही बऱ्याच जणांना होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं; नाही ओसरलं तर डॉक्टरांना तेही सांगायचं असतं. मी सांगितलं, पण दार लावून.

चालणं पाच मिनिटांपासून वाढवत नेलं. तीन महिन्यांनी रंकाळ्यावर गेलो, शालिनी पॅलेसच्या बाजूनं निघालो आणि संध्यामठ दिसेपर्यंत दोनदा कट्ट्यावर बसलो.

(मागून प्रश्न : रश्श्याचं काय?)

वाट बघत होतो, हे कोण विचारतंय! तेलाचा तवंग, नारळाचं दूध हे आहेच, पण माझ्यासारख्याला खरी भीती मिठाची. मीठ पाणी धरून ठेवतं. सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून एक वाटी पांढरा घेतला. एक म्हणजे दीड. दुसऱ्या दिवशी काटा अर्धा किलो वर. सूनबाईनं वहीत आकडा लिहिला आणि पुढं कंसात लिहिलं, 'रस्सा'.