तारीख चुकली की फोन येतो

ग्रीन्सबोरो, नॉर्थ कॅरोलायना. हा काउंटर बघा. वूलवर्थच्या दुकानातला. १ फेब्रुवारी १९६०ला चार काळे विद्यार्थी इथे येऊन बसले, कॉफी मागितली, काळे म्हणून मिळाली नाही, पण ते काही उठले नाहीत. आता इथे म्युझियम आहे.

[हॉस्पिटलची इमारत]

आणि हे मोझेस कोन हॉस्पिटल. जॉर्ज सिमकिन्स म्हणून इथले एक काळे डेंटिस्ट, त्यांच्या पेशंटच्या दाढेला इन्फेक्शन झालेलं, काळ्यांच्या हॉस्पिटलात बेड नाही, आणि इथे काळ्या डॉक्टरला पेशंट अ‍ॅडमिटच करता येत नव्हता. १९६२ला सिमकिन्सनी आणि इतर काही जणांनी केस टाकली, १९६३ला अपील कोर्टात जिंकले. सरकारी पैसा घेता ना, मग वर्णभेद चालणार नाही. हॉस्पिटलने माफी मागितली ती थेट २०१६ला, फिर्यादींपैकी एकटे डॉ. अल्विन ब्लाउंट तेवढे हयात होते.

दार उघडलं, पण आत काय? सुरुवातीच्या स्टेजचा फुप्फुसाचा कॅन्सर ऑपरेशनने बरा होऊ शकतो. १९९९ला एक अभ्यास आला, सगळे पेशंट पासष्टीच्या पुढचे, सगळ्यांना मेडिकेअरचा तोच सरकारी विमा, तरी ऑपरेशन झालेले गोरे जवळपास ७७ टक्के आणि काळे ६४. म्हणजे पैशाचं कारणही पुरत नाही.

[कॉम्प्युटरची स्क्रीन, शेजारी नर्स]

आता ही स्क्रीन नीट बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. प्रयोगाचं नाव 'अ‍ॅक्युअर', याच कोन हॉस्पिटलचं कॅन्सर सेंटर, पिट्सबर्गचं एक सेंटर आणि ग्रीन्सबोरोतल्या लोकांचा एक ग्रुप. पेशंटची अपॉइंटमेंट हुकली, किंवा केमो अमुक दिवसात सुरू व्हायला हवी होती आणि झाली नाही, की इथे इशारा येतो. मग नर्स नॅव्हिगेटर, म्हणजे पेशंटची ट्रीटमेंट अडू नये म्हणून बघणारी नर्स, फोन लावते. गाडी नाहीये का, सुट्टी मिळत नाहीये का, की डॉक्टर काय बोलले तेच कळलं नाही आणि विचारायची भीती वाटली? (हे शेवटचं आपल्याकडेही किती जणांचं होतं!) आणि डॉक्टरांच्या टीमपुढे आकडे वेगवेगळे ठेवायचे, काळ्या पेशंटचे हे, गोऱ्यांचे हे. एकत्र आकड्यात 'माझ्याकडे असं काही होत नाही' म्हणणं फार सोपं असतं.

आधी ट्रीटमेंट पूर्ण करणारे काळे ७९.८ टक्के, गोरे ८७.३. नंतर ८८.४ आणि ८९.५. म्हणजे गोऱ्यांचंही काही कमी झालं नाही.

[नर्सच्या कानाला फोन, आवाज बंद]