फ्लॉइडसाठी दार उघडताना

(निवेदन)

१९८३ साली अमेरिकेतल्या इन्फोकॉम कंपनीनं ‘प्लॅनेटफॉल’ हा गेम बाजारात आणला. सगळा खेळ शब्दांचा. कॉम्प्युटर इंग्रजीत वर्णन करतो, आपण छोटीशी आज्ञा टाइप करायची: उत्तरेला जा, दार उघड, कार्ड घे. लेखक स्टीव्ह मेरेट्झकी. आधी ते याच कंपनीच्या गेममधल्या चुका शोधायचं काम करत. स्वतः लिहिलेला हा त्यांचा पहिलाच गेम.

तुम्ही अंतराळयानावरचे अगदी खालच्या हुद्द्याचे कर्मचारी. जमीन घासायची आणि वरिष्ठांची बोलणी खायची. अचानक स्फोट होतो आणि बचावयान तुम्हाला एका अनोळखी ग्रहावर, थेट समुद्रात आणून टाकतं. किनाऱ्यावर भलंमोठं संकुल आहे, पण माणसांचा पत्ता नाही. इथल्या लोकांना गाठलेला रोग आता तुमच्याही अंगात भिनतोय.

(दृश्य: पडद्यावर एकेक ओळ उमटते.)

इथेच भेटतो फ्लॉइड, लहान मुलासारखा यंत्रमानव. तो मागे मागे फिरतो, मध्येच गायब होतो, खडू काढून भिंतीवर स्वतःचं नाव गिरवतो, खेळायला चल म्हणून हट्ट धरतो. तुम्ही गेम सेव्ह केलात, तर आता काहीतरी धोक्याचं करायचं का, असं आनंदानं विचारतो! कोडी सोडवायला यातल्या बहुतेक ओळींचा काडीचा उपयोग नाही. मला विचाराल, तर मेरेट्झकींची खरी करामत याच ओळींत आहे. तासन्‌तास त्याची बडबड ऐकता ऐकता फ्लॉइड आपला होऊन जातो.

मग येते जीवशास्त्राची प्रयोगशाळा. आत हिंस्र प्राणी, आणि तुम्हाला हवं असलेलं कार्डही आतच. आपण जाऊन आणतो, असं फ्लॉइड स्वतःहून सांगतो. तुम्ही टाइप करता, दार उघड. तो आत धावतो. लगेच टाइप करावं लागतं, दार बंद कर. नाहीतर ते प्राणी तुमच्यावर तुटून पडतील. आतून आरडाओरडा ऐकू येतो, मग दारावर तीन घाईच्या थापा. पुन्हा उघडायचं, पुन्हा बंद करायचं. कार्ड आलेलं असतं, पण फ्लॉइडच्या चिंधड्या झालेल्या असतात. तुम्ही त्याला त्याचं आवडतं गाणं हळू आवाजात म्हणून दाखवता. तो जातो.

सिनेमात हा प्रसंग आपण नुसता पाहिला असता. इथे फ्लॉइड आत असताना दार लावणारी बोटं आपलीच असतात, म्हणून तो इतका लागतो.

शेवटी फ्लॉइड दुरुस्त होऊन परततो. त्यानं त्या मरणाची धार थोडी बोथट होते, असं मला वाटतं. खेळणाऱ्यांना मात्र तो हवाच होता. १९८७ च्या ‘स्टेशनफॉल’ या पुढच्या भागातही तो आहे.

इन्फोकॉमनं आपले गेम ‘झेड-मशीन’ नावाच्या काल्पनिक कॉम्प्युटरसाठी बनवले. त्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम आजही मिळतात, त्यामुळे ‘प्लॅनेटफॉल’ मोबाइलवरही चालतो. खेळायला बसलात, तर एक लक्षात ठेवा: फ्लॉइडला चालू केल्यावर तो लगेच उठत नाही. बिघडलाय समजून पुढे जाऊ नका, दोन-चार चाली तिथेच थांबा.