पुढच्या स्टेशनवर बघू

(दृश्य: अंधार. चढावर हेडलॅम्पची रांग सावकाश वर सरकते आहे.)

या रांगेत कोणीही धावत नाहीये. अल्ट्रा शर्यत पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खटकतं. पण चढ आला की चालायचं, हा इथला रिवाज आहे आणि तो पहिल्या चढापासून पाळायचा असतो. पाय ताजे आहेत म्हणून सुरुवातीचे चढ धावून काढणारे पुढे उतारावरही चालताना दिसतात.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्याहून लांब ती अल्ट्रा. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स १९२१ साली सुरू झाली, ती साधारण ८८ किलोमीटरची. ग्रीसमधल्या स्पार्टाथलॉनचं अंतर २४६ किलोमीटर आणि मुदत ३६ तास. कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स तर घोड्यांच्या शर्यतीतून निघाली. १९७४ मध्ये गॉर्डी एन्स्ली हा गडी शंभर मैलांच्या त्या घोडदौडीत घोड्याविना उतरला आणि चोवीस तासांच्या आत पोचला. आज या शर्यतीचा कटऑफ, म्हणजे पोचायची मुदत, ३० तासांची आहे.

आता हिशेब करा. शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर, ३० तास. किलोमीटरमागे अकरा मिनिटं. सपाटीवर झपझप चालणाराही एवढ्या वेगाने जातो. तरी कितीतरी जण मध्येच थांबतात आणि दम अपुरा पडला म्हणून थांबणारे त्यात थोडेच. बाकीच्यांना अडवतं ते पोट, तळवे, मांड्या, नाहीतर झोप. यातली बहुतेक दुखणी काही तास आधी एवढीशी होती. तेव्हा धावणारा स्वतःशीच म्हणालेला असतो, ‘पुढच्या स्टेशनवर बघू.’ स्टेशन म्हणजे वाटेतला खाण्यापिण्याचा थांबा.

(दृश्य: एड स्टेशनचं टेबल. उकडलेले बटाटे, मीठ, केळी, सूप, कोला.)

आधी पोट. धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोच्या माणसाला १०० किलोमीटरसाठी सात हजार लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, असतं दोन हजारांच्या आसपास. चरबी भरपूर असते, पण तिचा पुरवठा सावकाश. म्हणून वरून घालत राहावं लागतं. नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपास शोषलं जातं. फ्रुक्टोजची वाट वेगळी, त्यामुळे दोन्ही मिळून सरावलेलं पोट ९० ग्रॅमपर्यंत घेतं. बिनसरावाचं पोट त्याच्या निम्म्यावरच हात टेकतं. शर्यतीत जे खायचं, तेच दर वीस-तीस मिनिटांनी, आधीचे दोन-तीन महिने लांब पल्ल्याच्या सरावात खाऊन बघायला हवं. पायांचा सराव सगळेच करतात; पोटाचा करणारे कमी.

बिघडतं कुठे? धावताना रक्त पायांकडे आणि अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळतं. आतड्यांच्या वाट्याला कमी येतं. त्यात घट्ट जेलवर, म्हणजे धावताना खायच्या साखरेच्या दाट लगद्यावर, गोड पेय गेलं, की आतड्यात साखर इतकी साठते की शरीरातलंच पाणी तिकडे ओढलं जातं. पोट डचमळतं, मग उलटी होते. अशा वेळी जेल बदलून काही होत नाही. वेग तोडायचा, पंधरा-वीस मिनिटं चालायचं, डोक्यावर-मानेवर पाणी घ्यायचं, साध्या पाण्याचे घोट घ्यायचे. मळमळ ओसरली की खारट सूप, तेही थोडं थोडं. एका उलटीने शर्यत संपत नाही. उलटीनंतर घाईघाईने पोट भरलं तर संपू शकते.

पाण्याची चूक याहून धोक्याची. धास्तीपोटी प्रत्येक स्टेशनवर बाटल्या रिचवणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम विरळ होतं. लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की तो हायपोनेट्रेमिया. बोटं सुजतात, घड्याळाचा पट्टा रुततो, डोकं ठणकतं, बोलणं असंबद्ध होतं. वजन सुरुवातीपेक्षा वाढलेलं असेल तर ती मोठी खूण. अशा माणसाला आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तेवढंच प्यावं. मिठाच्या गोळ्या हा अति पाण्यावरचा उतारा नव्हे. आणि आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी बॅगेत नकोच. शरीरातलं पाणी घटलेलं असताना, स्नायू झिजत असताना ते मूत्रपिंडावर ताण आणतं.

(दृश्य: दगडावर बसून मोजा काढणारा धावपटू.)

फोडाला ओल, उष्णता आणि घर्षण पुरतं. तळवा चुरचुरला की तिथेच थांबायचं. मोजा काढा, खडे झटका, पाय कोरडा करा, टेप लावा. टेपचे कोपरे गोल कापलेले हवेत. टोकदार कोपरा उचलला जातो आणि मग टेपच घासते. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम, आणि तेवढ्यासाठीच लोक थांबत नाहीत. फोड झालाच तर निर्जंतुक सुईने कडेला दोन-तीन भोकं पाडून पाणी दाबून काढायचं, कातडी सोलायची नाही. पाय सुजतात, म्हणून बूट अर्ध्या नंबराने मोठे. ओढा ओलांडला, मोजे बदलू का? लगेच दुसरा ओढा असेल तर नको.

मांड्यांचं दुखणं उतारावरचं. तिथे स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो आणि तंतूंना बारीक इजा होते. यावर औषध एकच, उतारावरचाच सराव. त्याने मिळालेलं संरक्षण काही आठवडे टिकतं, म्हणून शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी धावून घ्यावा. पावलं छोटी, पाय शरीराखाली. लांब टांगा टाकत अंग मागे रेलून उतरणं सर्वांत महागात पडतं.

रात्री दोन ते पाच ही वाईट वेळ. दगड जनावरांसारखे दिसू लागतात. वेग घटला की अंगातली ऊब घटते, म्हणून कुडकुडायच्या आधीच जॅकेट घालायचं. कॅफीन तोवर राखून ठेवलं असेल तर उपयोगी पडतं. तोल जाऊ लागला तर गजर लावून पंधरा मिनिटं झोपायचं. हेडलॅम्पची बॅटरी मात्र स्टेशनच्या उजेडातच बदला. रानात काळोखात सेल हातातून सुटला की शोधत बसावं लागतं.

स्टेशनवरचे तासही मोजा. वीस स्टेशनं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. काय घ्यायचं, काय दुरुस्त करायचं हे पोचायच्या आधी ठरवा. खुर्ची पायाच्या कामापुरतीच. बऱ्याच शर्यतींत कटऑफ मोजतात तो स्टेशनमधून बाहेर पडण्याचा, हे नियमांत वाचून ठेवलेलं बरं.

(दृश्य: अंतिम रेषेपलीकडे ब्लँकेट पांघरून बसलेले धावपटू.)

रेषा ओलांडल्यावर लघवीचा रंग बघा. कोलासारखी गडद असेल, किंवा होतच नसेल, तर थेट डॉक्टरकडे. तुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. बाकी ओले कपडे उतरवा, थोडं चालत राहा, जेवा, झोपा. आणि रात्रभर जागून धावल्यावर परतीची गाडी स्वतः चालवू नका.