लायसनमध्ये आहे, वायरवर नाही

[दृश्य: लातूर, मार्केट यार्ड. सोयाबीनचे ढीग, मग पतसंस्थेच्या शाखेतला काउंटर.]

अडत्यानं दिलेली पट्टी खात्यावर जमा होते. काउंटरवरचं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं, म्हणजे थेट मुख्य कार्यालयातल्या डेटाबेसशी बोलणारं. समजा तो ओरॅकल कंपनीचा आहे. लॉगिन करताना पासवर्ड झाकूनच जातो. पण पुढची क्वेरी (डेटाबेसकडं केलेली विचारणा), खातेदाराचं नाव, शिल्लक? कुणी काही केलं नसेल तर सगळं उघडं. वाटेत वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटा टिपणारं सॉफ्टवेअर, लावून बसलेल्याला ते सरळ वाचता येईल.

मग एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक करून पाठवणं, का नाही? पूर्वी कारण रोकडं होतं. ओरॅकलमध्ये ही सोय अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी या वेगळ्या पर्यायात होती, आणि तो फक्त एंटरप्राइझ या महागड्या एडिशनवर, जादा पैसे मोजून. जिल्ह्याच्या गावातली पतसंस्था कशाला घेतेय! 2013 मध्ये कंपनीनं ही अट काढली. नेटवर्क एन्क्रिप्शन सगळ्या एडिशनमध्ये आलं, वेगळं शुल्क नाही.

तरीही ते अनेक ठिकाणी बंदच असतं. गंमत सेटिंगमध्ये आहे. सर्व्हर (डेटाबेसची बाजू) आणि क्लायंट (काउंटरची बाजू), दोन्हीकडं मूळ सेटिंग ‘अ‍ॅक्सेप्टेड’. समोरच्यानं मागितलं तर देऊ. पंगतीत वाढपी आणि जेवणारा दोघंही आग्रहाची वाट बघत बसावेत, तसं. कुणीच मागत नाही, डेटा उघडाच धावतो.

[दृश्य: सर्व्हर रूम. एसीचा आवाज.]

सर्व्हरच्या एसक्यूएलनेट या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘रिक्वेस्टेड’ लिहिलं, तरी नव्या जोडण्या एन्क्रिप्ट होऊ लागतात. डेटाबेस बंद करावा लागत नाही. समोरच्याला जमत नसेल तर जोडणी तुटत नाही, साधी चालते. ‘रिक्वायर्ड’ मात्र कडक. न जमणारा जुना क्लायंट दारातच अडतो, म्हणून त्याआधी चाचणी हवीच.

पण फाइलला हात लावायचा कुणी? सॉफ्टवेअर पुरवणारा व्हेंडर म्हणतो, तुम्ही बदललंत तर सपोर्ट आमच्याकडं मागू नका. संस्थेतला एकुलता एक आयटीवाला म्हणतो, चालतंय ना, चालू द्या. वर एक ठरलेलं वाक्य: ‘लाइन आपलीच आहे, साहेब.’ माझ्या मते यात आळस कमी, धास्ती जास्त. बंद पडलं तर बोल त्यालाच लागणार. डेटा गेला, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

ही कोंडी बहुतेकदा बाहेरूनच फुटते. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली. ऑडिटरचा शेरा पडला की तोच व्हेंडर येतो, दोन ओळी लिहितो आणि चहा घेऊन जातो. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत. तिथं हा शेरा मारायला रिझर्व्ह बँक येत नाही.