बिरबल साहनी : दगडातल्या पानांचा माग

नागपूरजवळचं कामठी. इथल्या वालुकाश्मात लांबट, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस, वय सुमारे २५ कोटी वर्षं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे जीवाश्म गोळा केले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

हीच पानं दक्षिण आफ्रिकेत मिळतात, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत. आणि अंटार्क्टिकातही. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मरण पावले. जवळ अन्न नव्हतं, अंगात त्राण नव्हतं, तरी सुमारे १६ किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत. त्यात ग्लॉसोप्टेरिस होतं. ते ओळखलं केंब्रिजच्या ए. सी. सीवर्ड यांनी. त्याच वर्षांत केंब्रिजमध्ये पंजाबातल्या भेऱ्याचा एक तरुण शिकत होता आणि पुढे सीवर्ड यांच्याच मार्गदर्शनाखाली त्यानं संशोधन केलं. तो तरुण म्हणजे बिरबल साहनी.

१९२१ पासून साहनी लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख होते. इतक्या दूरच्या खंडांवर एकच झाड कसं, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. उत्तरही तयार होतं : पूर्वी मधे जमिनीचे पूल होते, ते समुद्रात बुडाले.

साहनींनी प्रश्न दुसऱ्या टोकानं धरला. त्यांची खरी थोरवी मला इथे दिसते. चीन आणि सुमात्रा भारतापासून काही फार लांब नाहीत. तिथेही त्याच काळातले जीवाश्म आहेत, पण झाडं निराळी. तिथलं जायगँटोप्टेरिसचं रान उष्ण, दमट हवेतलं. आपलं ग्लॉसोप्टेरिसचं रान हिमनद्या ओसरल्यावर थंड प्रदेशात फोफावलेलं. एवढ्या जवळ असून ही दोन रानं एकमेकांत मिसळली कशी नाहीत? बुडालेल्या पुलांनी हे कोडं सुटत नाही. सुटतं ते एकाच गोष्टीनं : ही रानं वाढत होती तेव्हा ती शेजारी नव्हतीच. मधे विस्तीर्ण समुद्र होता आणि त्या भूमी पुढे सरकत सरकत जवळ आल्या. भूखंड सरकतात, या आल्फ्रेड वेगेनर यांच्या सिद्धांताची तपासणी साहनींनी १९३६ च्या लेखात अशी वनस्पतींच्या पुराव्यावर केली. सागरतळाचे निर्णायक पुरावे यायला १९६० चं दशक उजाडलं.

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान आहे. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात इथे फळं, फुलं, खोडं गारगोटीसारखी दगड होऊन टिकली आहेत. साहनींनी त्यांचा बारकाईनं अभ्यास केला. त्या फळांमध्ये निपा पामही आहे. निपा आज सुंदरबनात, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. म्हणजे आज किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या गावाजवळ एके काळी समुद्राचा फाटा पोचला असावा. एका फळावरून!

३ एप्रिल १९४९ ला लखनौत साहनींनी स्थापलेल्या, वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. त्या शिलेतही जीवाश्म जडवलेले आहेत. आठवडाभरातच, १० एप्रिलला, साहनी गेले. संस्थेची धुरा त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी उचलली. कोळशातल्या परागकणांपासून अंटार्क्टिकातल्या तळ्यांच्या गाळापर्यंतचं संशोधन आज तिथे चालतं.