उरलेला रजको (लसूणघास) सशाला घालू का?

नमस्कार मंडळी! उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाली आणि दरवर्षीसारखे मेसेज सुरू. "ताई, गाईला घालायला आणलेल्या रजकोच्या दोन पेंड्या उरल्यात, सशाला घालू?" म्हणून आज बसलेच.

सामान पटापट सांगते. पिंजरा एवढा उंच, की ससा मागच्या पायांवर उभा राहिला पाहिजे. तळाला जाळी नको, तळपायाला जखमा होतात. पाण्याला जड भांडं, हलकं असलं की उलथवतो. कोपऱ्यात शी-शूचा ट्रे, लपायला खोका. वायरी उचलून ठेवा, माझे दोन चार्जर गेलेत. झालं.

आता गवत. वाळलेलं गवत, चोवीस तास, त्याच्या आकाराएवढा ढीग. गाजर नव्हे! कार्टूनवाल्यांनी सशाच्या हातात गाजर दिलं आणि निस्तरतोय आपण. गाजरात साखर असते, आठवड्यातून एखादा छोटा तुकडा पुरे.

का, तर सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. गवत चघळताना ते झिजतात. पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, दोन मिनिटांत संपतात, त्यांनी काय झिजणार?

आमचा लाडू एकदा दुपारपासून खाईना. आई म्हणाली, "रुसलाय गं." मीही मानलं. रात्रभर ट्रेमध्ये एक लेंडी नाही. सकाळी डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि विचारलं, गवत किती खातो? मी म्हटलं, त्याला गाजर आवडतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं ना! गवताच्या धाग्यांवर सशाचं आतडं चालतं, ते थांबलं की गॅस धरतो, आणि सशाला उलटीही करता येत नाही. १०-१२ तास खाल्लं नाही तर थेट डॉक्टर. रुसवा-बिसवा काही नसतो.

म्हणून रोज ट्रे बघा. लेंड्या मोठ्या, गोल, कोरड्या, गवताच्या रंगाच्या हव्यात. बारीक काळ्या दिसल्या की समजा, गवत कमी पडतंय. आणि ते "शी, हा स्वतःचीच खातो" लिहिणारे दादा, तो मऊ लेंड्यांचा घोस त्याने खायलाच हवा, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. ओरडू नका त्याला.

मग रजको गवत नाही का? नाही हो! रजको मेथीच्या भावकीतला. त्यात कॅल्शियम भरपूर. सशाचं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून जातं आणि लघवी चुना कालवल्यासारखी दाट होते. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर खुशाल घाला. मोठ्याला नको.

"टिमोथी (सशांसाठी विकत मिळणारं वाळलेलं गवत) परवडत नाही" म्हणणाऱ्यांनो, जिंजवो गवत मिळतं ना आपल्याकडे, गुरांसाठीचं? धूळ आणि बुरशी नसलेलं बघून घ्या. नाहीतर दूर्वा. गणपतीला वाहतो त्याच, फक्त फवारणी न केलेल्या जागेच्या. धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. ओलसर गवताचा ढीग करून ठेवलात तर बुरशी धरते.

अंघोळीचं विचारू नका, घालायची नाही. उन्हाळ्याचा वेगळा व्हिडिओ करते. आत्ता गच्चीवर दूर्वा वाळत घातल्यात आणि पारवे येऊन बसलेत त्यावर. थांबा, हाकलून येते.